त्र्याहत्तरची गाळणी

१

कारखान्यात तिला सगळे गाळणीबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. मोजमापाची उपकरणं बनवणारा तो कारखाना. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक उपकरणाच्या पोटात कुठेतरी एक फिल्टर बसलेला असायचा, आणि तो हिच्या हातचा असायचा. नव्याने लागलेल्यांना ती दोन वाक्यांत काम समजावायची. "चहाची गाळणी चोथा अडवते आणि चहा सोडते. माझी गाळणी सगळे आवाज अडवते आणि एकच सोडते. कोणता, ते मी ठरवते."

हे शेवटचं म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची. का होऊ नये? फिल्टरमध्ये बसणारे कपॅसिटर तर बाजारात मुठीने मिळतात. ही एकेक मोजून बघायची आणि तांदूळ निवडावेत तसे बाजूला काढायची. साहेब कुरकुरायचे, "बाई, निम्मे तर तुम्ही टाकूनच देता." ही मान वर न करता म्हणायची, "म्हणून तर तुमची उपकरणं परत येत नाहीत." आणि ते खरं होतं.

गर्वाचं घर खाली, असं म्हणतात. हिचं दुसऱ्या मजल्यावर होतं आणि चांगलं भक्कम होतं. पुढच्या खोलीत ही आणि नवरा. नवऱ्याचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. मागच्या खोलीत सासरे. सासऱ्यांनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला होता. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि त्यांच्या शिव्या खाऊन सुधारलं होतं. सुनेवर मात्र त्यांचा फार जीव. कोणी घरी आलं की पाणी विचारायच्या आधी ते सांगायचे, "आमची सूनबाई आवाज पकडते."

थंडीच्या दिवसांत एका सकाळी त्यांनी कप खाली ठेवला आणि तिला जवळ बोलावलं.

"सूनबाई, माझ्या खोलीत एक आवाज येतो. खालच्या पट्टीतला, सूर धरल्यासारखा. इंजिनाचा नाही. इंजिन मी झोपेत ओळखतो."

"कुठून येतो, बाबा?"

"तेच तर. मी ऐकायला लागलो की थांबतो."

२

कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ असल्याचं सांगितलं. मग डोक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आवाज गेला नाही, सासरे मात्र जाऊ लागले. बोलता बोलता वाक्याच्या मधेच त्यांची मान पडायची. चहा पिताना कप थरथरायचा आणि हनुवटीवरून ओघळ आला तरी त्यांना कळायचं नाही. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला साधं खरचटू दिलं नाही, तो आता भिंत धरून न्हाणीघरात जायचा. तिला ते बघवत नव्हतं.

नणंदेचा रोज फोन यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात तसं. शेवटी एका रात्री जेवताना नवऱ्याने विषय काढला. तो वाईट माणूस नव्हता. दुकान, बाप आणि बहीण अशा तिघांनी मिळून त्याला पार पिळून काढलं होतं.

"ताई म्हणते, एक चांगली संस्था आहे. चोवीस तास लक्ष ठेवतात. डॉक्टरही म्हणतात, आवाज असाच राहिला तर घरी ठेवणं बरं नाही."

सासरे ताटाकडे बघत होते.

"मी मोजते," ती म्हणाली.

"काय मोजणार? डोक्यातला आवाज?"

"डोक्यातला असेल तर माझ्या फिल्टरच्या डब्यात येणार नाही, आणि खोलीतला असेल तर आल्याशिवाय राहणार नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? डब्यात आला तर गोळ्या बंद, आणि संस्थेचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही."

"आणि नाही आला तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नव्हतं ते. आपल्या हातावरचा तिचा विश्वासच तेवढा होता. तरी बोलून झाल्यावर तिने पाहिलं, सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला होता आणि ते तिच्याकडे टक लावून बघत होते. आपण दुसऱ्याच कोणाला तरी पणाला लावलं आहे, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

३

आधी आवाजाची पट्टी ठरवायला हवी होती. तिने कारखान्यातून सूर काढणारं यंत्र आणलं, त्याला छोटा स्पीकर जोडला आणि सासऱ्यांच्या पलंगाशी बसून चकती फिरवायला लागली.

"असा?"

"छे. अजून खाली. गिअर उतरव. अजून... थांब! मागे घे जरासा. हां. हाच."

त्र्याहत्तर. म्हणजे सेकंदाला त्र्याहत्तर कंपनं. दुसऱ्या दिवशी तिने चकतीवर कागद चिकटवून पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी उलट्या बाजूने फिरवत आणून विचारलं. म्हातारा दर वेळी त्र्याहत्तरवरच हात वर करायचा. तिचा ऊर भरून आला. विजेच्या तारांची गुणगुण पन्नासवर असते, नाहीतर तिच्या दुपटीवर. त्र्याहत्तरवर त्या इमारतीत वाजण्यासारखं काही नव्हतं. पंप नाही, पंखा नाही, खालचं गोदाम तर कधीपासून रिकामं.

मग ती कामाला लागली. त्या डब्यासाठी तिने जेवढे कपॅसिटर नाकारले, तेवढे आजवर कोणासाठी नाकारले नव्हते. बहात्तर आत येता कामा नये, चौऱ्याहत्तर आत येता कामा नये. एका कणाएवढी फट, आणि तीही बरोबर मधोमध. डबा पूर्ण झाला तेव्हा तो जेवणाच्या डब्यापेक्षा मोठा नव्हता. पुढे एक काचेचं मीटर, आत काळी सुई. आपण याच्याइतकं चांगलं काही बनवलेलं नाही, हे तिला माहीत होतं.

असा डबा कारखान्यात, बंद खोलीत सुराला लावून घ्यायचा असतो. पण सासऱ्यांना बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही त्यांना दाखवायचं होतं. म्हणून सुटीच्या दिवशी तिने मागच्या खोलीतच खिडकीखालच्या टेबलावर पसारा मांडला. दुपारभर त्र्याहत्तरचा सूर वाजवायचा, बंद करायचा, स्क्रू कणभर फिरवायचा, पुन्हा वाजवायचा. सासरे परीक्षा घ्यायला बसल्यासारखे पलंगावर ताठ बसले होते.

"ही इतकी हळू का चढते गं? आणि मी बघतोय, तू बंद केलंस तरी उतरायला किती वेळ!"

"गाळणी जितकी बारीक, तितकी आळशी, बाबा. ताट पडलं की नुसतं घणघणत राहतं ना? तसंच. आवाज थांबला तरी आतली थरथर रमतगमत विरते."

"आणि पटकन थांबवायची झाली तर?"

"ताटावर आपण हात ठेवतो, तसा कोणीतरी हात ठेवायला हवा. म्हणजे तोच सूर, तेवढाच, पण बरोबर उलटा, आणि तोही अगदी नेमका. थोडा इकडेतिकडे झाला की जमलं नाही." ती हसली. "मलासुद्धा यायचं नाही ते."

दिवस मावळेपर्यंत सुई चढत होती, उतरत होती. त्या खोलीत जे जे कोणी होतं, त्या सगळ्यांनी ते पुरेपूर पाहिलं.

४

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. सूर काढणारं यंत्र गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवलं, म्हणजे शंकेला जागा नको. डब्याला मायक्रोफोन जोडला आणि सुई शून्यावर टेकलेली बघून दाराशी खुर्ची घेऊन बसली. गोळीच्या गुंगीत सासरे झोपले होते. खिडकी नेहमीसारखी उघडी. बंद काचेआड माणूस आंधळा होतो, हे त्यांचं गाडीतलं मत घरातही चालायचं, मग बाहेर कितीही गारठा असो.

तासाभराने सुई हलली.

आधी तिला वाटलं, डोळ्यांना थकवा आलाय. पण सुई उठली, संथपणे चढली आणि अर्ध्यावर जाऊन थांबली. तिने कान दिला. काही ऐकू येत नव्हतं. भिंतीला तळवा लावून पाहिला. भिंत थंड आणि गप्प होती. डबा मात्र सांगत होता की या खोलीत त्र्याहत्तर आहे, दुसरं काहीही नाही, त्र्याहत्तर आहे. तिला ओरडावंसं वाटलं. म्हातारा खरं बोलत होता! आणि ते जगात फक्त तिच्या गाळणीने पकडलं होतं.

"बाबा! बाबा, आलं! बघा!"

सासरे दचकून उठून बसले. सुई पडली.

"आत्ता होता," ते म्हणाले. "थांबला बघ."

"मी पाहिला. मी पाहिला, बाबा!" त्यांचे दोन्ही हात तिने हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि तिच्याही. मग ती चहा टाकायला धावली.

आनंदाच्या भरात ओट्यावरचं मोठं झाकण तिच्या धक्क्याने खाली पडलं आणि घणघणायला लागलं. सवयीने वाकून तिने त्याच्यावर हात ठेवला. झाकण गप्प झालं.

ती तशीच वाकलेली राहिली. चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही. सुई उतरली नव्हती. सुई पडली होती.

५

माणूस आधी सोप्या गोष्टी धुंडाळतो. सुई अडकली असेल. तार सैल असेल. सेल दमले असतील. तिने डबा कारखान्यात नेला, दार लावून घेतलं आणि त्याच्यावर तुटून पडली. शत्रूच्या कामातही कोणी इतक्या खोटी शोधत नाही. डबा हलवला, उलटा केला, तापवला, गार केला. त्र्याहत्तर दिला की सुई संथ चढायची, बंद केला की संथ उतरायची. एकदाही पडली नाही.

साहेब डोकावले. "वा! काय सुरेख विरतंय हो, बाई. कोणासाठी केलंय?"

"घरचंच आहे," ती म्हणाली. आपल्या हातचं काम वाईट निघावं, अशी इच्छा तिला त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा झाली. काम काही वाईट निघालं नाही.

मग तिने एक डाव टाकला. आतले दोन टप्पे काढून नवे बसवले. पट्टी तीच, फट तेवढीच, पण आता सुई सरळ उतरणार नव्हती. थोडी उतरणार, जराशी अडखळणार, पुन्हा उतरणार. हे तिने कोणाला सांगितलं नाही. घरी एकदाही वाजवून पाहिलं नाही, कोणाला बघून शिकता येऊ नये म्हणून. कारखान्यात लावून घेतलं आणि नेऊन टेबलावर ठेवलं.

संध्याकाळी सुई चढली. सासऱ्यांनी झोपेत कूस बदलली. सुई पडली, पण या वेळी नीट पडली नाही. शून्याच्या वर थोडी उरली, हेलकावली, एकदा उलट चढली आणि मग घाईघाईने दाबल्यासारखी खाली गेली.

 हे तिच्या ओळखीचं होतं. नवं शिकणाऱ्याचा हात असाच पडतो. अंदाज चुकतो, सावरायला जातो आणि जास्त करून बसतो. सकाळी पाहिलं तेव्हा उरलेलं कमी होतं. दुपारी त्याहून कमी. पुढच्या सकाळी सुई पहिल्यासारखी स्वच्छ पडली, ना कंप, ना उरलंसुरलं.

ती दाराशी उभी होती. पाय पळ म्हणत होते. आणि तरी मनात जो पहिला विचार आला, त्याची तिला लाज वाटली. तिला वाटलं, काय सफाई आहे! कारखान्यात इतकी वर्षं ती ही विद्या शिकवत आली होती. तिचा फिल्टर आतून बाहेरून इतका कोणालाच कळला नव्हता.

६

रविवारी सकाळी नवरा मागच्या खोलीत आला. दुपारी नणंद येणार होती, आणि संस्थेचा माणूसही.

"दाखव," तो म्हणाला. "मला खरंच बघायचंय."

सासरे डोळे मिटून पडले. नवरा पलंगाच्या कडेला बसला. ती दाराशी, टेबलापासून जमेल तेवढी लांब. खिडकीतून गारठा आत येत होता आणि तिघांच्याही तोंडून वाफ निघत होती. 

सुई चढायला लागली.

 नवऱ्याने बापाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. सुई अर्ध्यावर गेली. तो नीट बघायला म्हणून उठला, आणि सुई पडली.

तो पुन्हा पलंगाच्या कडेला बसला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा पुन्हा दुकानातला झाला, गिऱ्हाइकाला दुसरा नंबर लावून बघणारा. तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, तूच सांगायचीस ना, याची सुई अशी पडत नाही म्हणून? मग ही पडली. म्हणजे कुठेतरी सैल आहे. तुला दोष देत नाही मी. पण एवढं एकदा म्हण, की डबा बिघडलेला असू शकतो. माझ्याही डोक्यातून जाईल."

किती सोपं होतं! एवढं म्हटलं की आवाज नव्हता, हात नव्हता, खोलीत तिघंच होते. दुपारी गाडी येईल, बाबा जातील, मागच्या खोलीला कुलूप लागेल. रात्री तिला झोप लागेल. पलंगावरून सासरे तिच्याकडे बघत होते. ते काही मागत नव्हते. शिकाऊ माणसाने चाक हातात घेतल्यावर शेजारी गप्प बसायची त्यांना सवय होती.

तिने टेबलाकडे पाहिलं.

मीटरच्या काचेवर वाफेचा एक गोल उमटला होता, बाहेरच्या बाजूने. आरशाशी तोंड नेल्यावर उमटतो तेवढा. तिच्या डोळ्यांदेखत तो कडेकडेने विरला. मग त्याच जागी पुन्हा उमटला.

टेबलाजवळ कोणी नव्हतं. नवरा पलंगावर होता, ती दाराशी होती. सुई शून्यावर अचल होती, आणि कोणीतरी काचेशी तोंड नेऊन ती निरखत होतं. एखादं काम मनासारखं झालं की ती स्वतः अशीच वाकून बघायची.

"काय?" नवऱ्याने विचारलं. "बोल ना."

तिला वाटलं होतं आवाज कापेल. तो कापला नाही.

"डबा बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्या कामात खोट नाही. बाबा खरं सांगतायत."

 चष्मा काढून नवऱ्याने डोळे चोळले. "तुझं काम खोटं निघालेलं मी कधी पाहिलं नाही," तो शेवटी म्हणाला. उशाशी ठेवलेली गोळ्यांची पट्टी त्याने उचलून खिशात घातली. "ताईला फोन करतो. येऊ नको म्हणतो."

सासऱ्यांनी पांघरूण बाजूला सारलं. त्यांचा आवाज जुना होता, अख्ख्या मैदानात ऐकू जाणारा. "पास! एका झटक्यात पास!" मग त्यांना रडू फुटलं, आणि मुलगा त्यांना धरून बसला.

"बाबा आजपासून पुढच्या खोलीत झोपतील," ती म्हणाली.

"आणि ही खोली?"

"माझ्या कामाला लागेल."

बापलेक एकमेकांना सावरत बाहेर गेले. ती टेबलापाशी आली. काच धुरकट होती आणि सुई नीट दिसत नव्हती. तिने ओढणीचं टोक धरून काच पुसली, आणि पुसताना कोपर अंगाशी आवरून घेतलं, शेजारच्याला लागू नये म्हणून.